गायकाच्या पाठीमागची खुर्ची

हॅम्बुर्गच्या बंदरात कोको, चहा आणि तंबाखूचं एक जुनं विटांचं गोदाम होतं. त्याच्या भिंती तशाच ठेवून वर काचेची लाटदार इमारत चढवली, आणि ११ जानेवारी २०१७ रोजी तिथे ‘एल्बफिलहार्मोनी’ हे संगीतगृह सुरू झालं. स्विस वास्तुविशारद हेरझोग आणि द म्युरॉन यांच्या या ११० मीटर उंच इमारतीबद्दल बोलणं होतं ते काचेचं आणि खर्चाचं. (खर्चाची कथा आपल्याला परकी वाटू नये: शहराच्या तिजोरीतून ७ कोटी ७० लाख युरो जातील असं सांगितलं होतं, गेले ७८ कोटी ९० लाख.) पण संगीतगृहाची परीक्षा आत, खुर्चीत बसून करायची असते. आणि इथला सगळ्यात धाडसी निर्णय खुर्च्यांच्या मांडणीतच आहे.

जुनी नावाजलेली संगीतगृहं बुटांच्या खोक्यासारखी असत: लांबट, अरुंद, उंच छताची. व्हिएन्नाचं १८७० सालचं म्युझिकफेराइन हा त्याचा नमुना. वादक एका टोकाला, श्रोते समोर. बर्लिनमध्ये १९६३ साली वास्तुविशारद हान्स शारून यांनी ही रीत मोडली. कुणी उत्स्फूर्त वाजवायला लागलं की लोक आपसूक गोल करून उभे राहतात, मग हॉलमध्येच रांगा कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी मंच मध्याकडे ओढला आणि उतारावरच्या द्राक्षमळ्यासारखे खुर्च्यांचे टप्पे चहूबाजूंनी रचले. हॅम्बुर्ग त्याच घराण्यातलं. इथल्या २१०० श्रोत्यांपैकी एकही जण वाद्यवृंदाच्या संचालकापासून ३० मीटरहून लांब बसत नाही.

मात्र गोल बसायचं तर जवळच्या भिंती गमवाव्या लागतात. थेट आलेल्या सुरामागोमाग भिंतीवरून परतलेला सूर सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात कानी पडला, तर कान दोन्ही एकच मानतो आणि नाद भरीव लागतो. खोक्यातल्या बाजूच्या भिंती हे काम फुकटात करतात. द्राक्षमळ्यात ते टप्प्यांच्या बुटक्या कठड्यांकडून आणि छतातून लोंबणाऱ्या परावर्तकाकडून करून घ्यावं लागतं. म्हणून ध्वनितज्ज्ञ यासुहिसा तोयोता यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या भिंतींना जिप्समची सुमारे १०,००० पटलं लावली. जवळून पाहिलं तर पृष्ठभाग समुद्रतळाच्या शिंपल्यांसारखा खळग्याखळग्यांचा दिसतो, आणि कुठलीही दोन पटलं सारखी नाहीत. खळग्यांवर आपटून सूर एकाच दिशेला न उसळता विखुरतो. बाहेरच्या बोटींचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून अख्खा हॉल ३६२ स्प्रिंगसंचांवर तोलला आहे.

एवढं करूनही एक गोष्ट कुठल्याच पटलाला जमत नाही. डबलबास किंवा मोठ्या ढोलाचा आवाज चहूकडे पसरतो. गळ्याला मात्र पुढची बाजू असते. खर्ज मागे थोडाफार पोचतो, पण ज्यांच्यामुळे शब्द कळतात ती व्यंजनं तोंडाच्या दिशेनेच जातात. मंचामागे बसलेल्याच्या वाट्याला गायकाची पाठ येते, आणि मध्ये असतात ट्रम्पेट. जानेवारी २०१९ मध्ये इथे गायक योनास काउफमान संगीतकार माहलरची गीतं गात असताना ऐकू येत नसल्याची ओरड श्रोत्यांतून झाली, काही जण उठून गेले. काउफमान यांनी नंतर हॉलकडे बोट दाखवलं.

एका मैफिलीवरून इमारतीला दोषी ठरवू नये, कदाचित गळाच कमी पडला असेल, असं कुणी म्हणेल. असेलही, पण गायक कितीही दमदार असला तरी पाठीमागच्याला पाठच दिसणार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तेवढेच लोक खोक्यात बसवले तर मागच्या रांगा फार दूर जातात. हे मला मान्य आहे. नुसत्या वाद्यवृंदासाठी गोल मांडणी सरस, असंच मी म्हणेन. माइक लावा, हा आपल्या नाट्यगृहांत रुळलेला उपाय. पण मग पटलांचा आणि स्प्रिंगांचा एवढा खटाटोप कशासाठी केला? चूक मला मांडणीत दिसत नाही. ती आहे गाण्याच्या मैफिलीलाही चारही बाजूंची तिकिटं विकण्यात.

तेव्हा हॅम्बुर्गला जाणं झालं आणि सिम्फनी असेल, तर खुशाल मंचामागची खुर्ची घ्या. संचालकाचा चेहरा दुसरीकडून दिसत नाही. गाणं असेल तर मात्र समोरचंच तिकीट मागा, आणि ते संपलेलं असेल तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकला.