उजेडाचा हिशेब : ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ

डिजिटल छायाचित्र किती उजळ येईल हे, समोरच्या दृश्यातला प्रकाश सोडला तर, तीन गोष्टींवर ठरते: प्रकाश किती मोठ्या छिद्रातून आत यावा हे ठरवणारे ॲपर्चर, तो किती वेळ येत राहावा हे ठरवणारा शटर स्पीड आणि सेन्सरवर उमटलेला संकेत किती वाढवून घ्यावा हे ठरवणारा आयएसओ. या तिन्हींचे आकडे पाठ करून छायाचित्रण साधत नाही. कारण एकाच उजेडात आकड्यांचे अनेक मेळ सारखाच उजळपणा देतात आणि त्यांतला कोणता निवडावा, हे चित्रात काय दिसायला हवे यावर अवलंबून असते. अंधारी लेणी, उडणारे पक्षी, धावत्या गाड्या आणि रात्रीचे उत्सव हे सारे मुंबईच्या उपनगरांत जवळजवळ सापडत असल्याने ही निवड समजून घेण्यास हा परिसर फार सोयीचा आहे.

या हिशेबाचे एकक म्हणजे ‘स्टॉप’. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला आणि निम्मा झाला की एक स्टॉप घटला, असे मानतात. शटर स्पीड १/१०० सेकंदावरून १/५० वर आणला किंवा आयएसओ १०० वरून २०० वर नेला, तर चित्र एक स्टॉपने उजळते. ॲपर्चरचे आकडे मात्र नवशिक्याला चकवतात. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा येतो. म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर तो एफ/२ होतो. त्यामुळे आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होत जातो.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत हा हिशेब प्रत्यक्ष मांडता येतो. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवून शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० असताना १/१०० सेकंद ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार लेण्यांबाहेरच्या उन्हातल्या कातळासाठी एफ/८, १/४०० सेकंद आणि आयएसओ १०० हा मेळ बसतो. तेथून तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरल्यावर उजेड सुमारे हजारपटीने, म्हणजे दहा स्टॉपने घटला असे धरले, तर हे दहा स्टॉप कुठूनतरी भरून काढावे लागतात. ॲपर्चर एफ/२.८ केल्याने तीन, शटर स्पीड १/५० केल्याने आणखी तीन आणि आयएसओ १६०० केल्याने उरलेले चार स्टॉप मिळतात.

हिशेब जुळला तरी चित्र जुळतेच असे नाही. छिद्र मोठे केले की ज्या अंतरावर फोकस आहे त्याच्या मागचा-पुढचा फारच थोडा भाग स्पष्ट येतो. या स्पष्ट पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. एखाद्या खांबाच्या कोरीव शीर्षाचेच चित्र हवे असेल तर एफ/२.८ योग्य ठरते. पण जवळच्या खांबापासून टोकाच्या स्तूपापर्यंत सारे रेखीव हवे असेल, तर एफ/८ वर जावे लागते आणि तीन स्टॉप पुन्हा गमावले जातात. ते वेळेतून भरायचे तर शटर सुमारे १/६ सेकंद उघडे राहते आणि हात हलून चित्र अस्पष्ट होण्याची शक्यता वाढते. आयएसओमधून भरायचे तर तो १२,८०० वर जातो. ट्रायपॉडने ही अडचण सुटते, मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत त्याला पूर्वपरवानगी लागते.

विषय हलता असेल तर निर्णयाची सुरुवात शटर स्पीडपासून करावी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १/६० सेकंदात सुमारे २८ सेंटिमीटर पुढे सरकते, तर १/१००० सेकंदात दोनहून कमी; म्हणून डब्यावरची अक्षरे वाचता यावीत यासाठी दुसरा वेग लागतो. उलट वेगाची जाणीवच दाखवायची असेल, तर १/३० सेकंद ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवतात, ज्यामुळे गाडी बऱ्यापैकी स्थिर आणि पार्श्वभूमी ओढलेली दिसते. भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे असतात. त्यांचे उडतानाचे चित्र सकाळच्या चांगल्या उजेडात एफ/५.६, १/१६०० सेकंद आणि आयएसओ ४०० च्या आसपास मिळते. अशा वेळी पांढुरक्या आकाशामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि पक्षी काळपट येतात. म्हणून एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने मुद्दाम वाढवावे लागते.

आयएसओ वाढवल्याने सेन्सरला जास्त प्रकाश मिळत नाही. कमी प्रकाशातून आलेला दुबळा संकेत तेवढा मोठा होतो आणि त्याबरोबर नॉइज म्हणजे चित्रातील रवाळ ठिपकेही ठळक होतात. तरीही घाटकोपरच्या दहीहंडीत संध्याकाळनंतर थर कोसळण्याचा क्षण पकडायचा असेल, तर १/५०० सेकंदासाठी आयएसओ ३२०० स्वीकारण्यातच शहाणपण आहे. कारण रवाळ चित्र सुधारता येते, हललेले बहुधा सुधारत नाही. गणपतीच्या मंडपात आणखी एक अडचण येते. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि फार वेगवान शटरने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. तेथे १/५० किंवा १/१०० सेकंद सुरक्षित ठरतो.

तिन्ही आकडे ताणूनही उजेड पुरत नाही, तेव्हा तो बाहेरून आणावा लागतो. नयन खानोलकर यांनी आरेतील वारली वस्तीच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या टिपला, तो फ्लॅश जोडलेल्या कॅमेरा ट्रॅपने. फ्लॅशचा प्रकाश त्यांनी गल्लीतल्या नेहमीच्या उजेडाशी मिळताजुळता ठेवला होता. या छायाचित्राला २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. बिबट्या येण्याआधीच सर्व मांडणी ठरवून ठेवावी लागत असल्याने अशा कामात अंदाजाला वाव नसतो.

नवशिक्याने एकदम तिन्ही चाके फिरवण्याची गरज नाही. खोली महत्त्वाची असेल तेथे ॲपर्चर, हालचाल महत्त्वाची असेल तेथे शटर स्पीड स्वतः ठरवावा आणि उरलेले कॅमेऱ्याच्या अर्धस्वयंचलित पद्धतीवर सोडावे. आयएसओ मात्र शक्य तितका कमी आणि गरज पडेल तितका जास्त ठेवावा. बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर कायमचे ठरलेले असते, तेथे निवड उरलेल्या दोघांतच करायची असते. एकाच दृश्याची तीन वेगवेगळ्या मेळांनी चित्रे घेऊन ती मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी ताडून पाहिली, तर कोणता आकडा काय देतो आणि त्याबदल्यात काय घेतो हे कोणत्याही कोष्टकापेक्षा लवकर कळते.