उजव्या हाताची मोजदाद

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तीन महिने झाले आणि ते काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ लागले. भेटायला येणारे म्हणत, "चला, सुटलात!" पाय चालला की माणूस बरा झाला, असा आपला हिशोब. उजवा हात मांडीवर पडून होता, त्याचं कोणी विचारत नव्हतं. शर्टाची बटणं आई लावायची, भात मी कालवून द्यायची. सगळं मायेनंच चाललं होतं.

हात पायाच्या मागे राहतो याला कारण आहे. मेंदूच्या मधल्या धमनीत गुठळी अडकण्याचं प्रमाण मोठं, आणि हाताचा नि चेहऱ्याचा भाग तिच्याच रक्तावर जगतो. पायाचा भाग बराचसा शेजारच्या धमनीकडे. शिवाय पाय ओढत का होईना, चालता येतं. सुईत दोरा ओवायला प्रत्येक बोट वेगळं हलावं लागतं. पहिल्या ७२ तासांत बोटं जराशी उघडत असतील आणि खांदा बाजूला उचलता येत असेल, तर सहा महिन्यांत हातात थोडंफार कसब येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसेल तर २५, असं डच संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. २५ म्हणजे शून्य नव्हे.

या विषयात मला सगळ्यात हलवून गेलं ते एडवर्ड टॉब यांचं काम. माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा त्यांनी तोडल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकड तो हात वापरेना. चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा वापरू लागलं. सुरुवातीचे प्रयत्न फसतात, दुसऱ्या हातानं काम भागतं, आणि न वापरण्याचीच सवय जडते. (पुढे १९८१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून खटला उभा राहिला. या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही.) या प्रयोगांतूनच माणसांसाठी उपचार निघाला: दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर जाड मोजा, आणि दुबळ्या हाताचा रोज सहा तासांपर्यंत सराव. अमेरिकेतल्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीत तो उपयोगी ठरला. निष्कर्ष २००६ मध्ये आले. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील त्यांनाच तो करता येतो. पूर्ण लुळ्या हाताला नाही.

हे वाचलं आणि आई लावून देत होती ती बटणं डोळ्यांपुढे आली.

खरी उणीव सरावाच्या मोजमापात आहे. कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये उपचाराची सत्रं बसून मोजली. कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांच्या ज्या प्रयोगांत मेंदू नवी जुळणी करताना दिसतो, तिथे रोज शेकडो होतात. यंत्रमानवाकडून हात हलवून घेतला तर? ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर ते करून पाहिलं, २०१९ मध्ये उत्तर आलं: नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम सुधारलं नाही. त्याच वर्षी लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधून २२४ रुग्णांचा अहवाल आला. तीन आठवड्यांत ९० तास, समोर माणूस बसून. निम्म्या रुग्णांना झटका येऊन दीड वर्ष उलटलं होतं, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकली. "सहा महिन्यांनी काही होत नाही" हे वाक्य आता कोणी रुग्णाला ऐकवू नये.

आपल्याकडे ९० तास कोण देणार? घरच्यांनाच शिकवावं, या विचारानं भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांचं प्रेम कमी पडलं, असा याचा अर्थ मी लावत नाही. थोड्या दिवसांच्या शिकवणीवर तज्ज्ञाचं काम घरावर ढकलता येत नाही, एवढाच लावते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. रोजच्या कामांतून हात परत मिळवून देणारी ही विद्या इतकी वर्षं आपल्या दारात आहे, आणि तालुक्याच्या गावी तिचं नावही ठाऊक नसतं. तिथे तेल लावून हात ओढला जातो. सैल पडलेला खांदा अशा ओढण्यानं दुखावतो, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस सराव सोडून देतो.

आमच्याकडे आता आठवड्यातून दोनदा व्यवसायोपचाराच्या ताई येतात. मधल्या दिवसांत अण्णा कपड्यांचे चिमटे वाटीच्या काठाला लावतात, काढतात, पुन्हा लावतात. आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहिला जातो. काल १८० झाले. अंगठा अजून आत वळतो. एका बटणाला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ आई समोर बसून असते, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.