जन्मजात वेगळेपण आणि पापाची संकल्पना

मूल जन्माला आले की प्रसूतिगृहाबाहेर थांबलेल्या आप्तेष्टांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा की मुलगी? पेढे वाटायचे की बर्फी, हेही त्या उत्तरावर अवलंबून असते. परंतु काही बाळांच्या बाबतीत डॉक्टरांना या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता येत नाही. काहींच्या बाबतीत जन्मवेळी दिलेले उत्तर पंधरा-सोळा वर्षांनी अपुरे ठरते. अशा व्यक्तींना आंतरलिंगी किंवा इंटरसेक्स असे संबोधले जाते. त्यांच्या कुटुंबात हळूहळू एक कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते, गर्भारपणी ग्रहण पाळले नाही. कुणी म्हणते, पूर्वजांचे काहीतरी भोवले. श्रद्धावंत आईवडिलांच्या मनात मात्र एकच प्रश्न घर करून राहतो : हे आमच्या कोणत्या पापाचे फळ? या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने काय दिले आहे, हे आपण सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीरात काय घडते?

गर्भधारणेनंतर पहिले सहा-सात आठवडे मुलाच्या व मुलीच्या गर्भाची जननेंद्रिये सारखीच असतात. त्यानंतर गुणसूत्रे, बीजग्रंथी आणि संप्रेरके यांच्या क्रमवार कार्यातून पुरुषाची अथवा स्त्रीची घडण होत जाते. या साखळीतील एखादा दुवा निराळ्या रीतीने चालला, तर गुणसूत्रे, आतील अवयव व बाह्य रूप यांचा मेळ बसत नाही.

दोन उदाहरणे पाहू. मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये एका विकराची जन्मतः उणीव असते. सुमारे पंधरा हजार जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो. अशा मुलीला गर्भाशय व बीजकोश असतात, परंतु तिचे बाह्यांग मुलासारखे दिसू शकते. हा दोष आई व वडील या दोघांकडून मिळून येतो. ते दोघेही स्वतः निरोगी असतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. दुसरे उदाहरण असे : गुणसूत्रे पुरुषाची, पोटात वृषणग्रंथी, परंतु शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नाही. ते बाळ सर्वार्थाने मुलगी म्हणून वाढते आणि वयात आल्यावर पाळी येत नाही, तेव्हा सत्य उलगडते.

कोणत्या अवस्थांचा समावेश करायचा यावर संख्या अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पत्रकांत हे प्रमाण लोकसंख्येच्या ०.०५ ते १.७ टक्के इतके दिले जाते. म्हणजे असे कुटुंब आपल्या धर्मग्रामात नसेलच, असे कुणीही खात्रीने म्हणू शकत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आंतरलिंगी असणे ही शरीराची जन्मजात अवस्था आहे. समलैंगिक आकर्षण हा निराळा विषय आहे. आपल्या शरीराच्या लिंगाहून वेगळी ओळख मनात असणे, हाही निराळा विषय आहे. तिन्हींची सरमिसळ केल्याने गैरसमज वाढतात.

पवित्र शास्त्राची साक्ष

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून प्रभू येशूला विचारतात, की पाप याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. जन्मजात अवस्थेचा संबंध कुणाच्या पापाशी जोडण्याची वाट त्याने तेथेच बंद केली.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर प्रभू याहून स्पष्ट बोलतो. विवाहाविषयी शिकवण देत असताना तो आईच्या उदरापासूनच षंढ असलेल्यांचा उल्लेख करतो. आज आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. प्रभूच्या मुखी त्यात उपहासाचा लवलेशही नाही. मोशेच्या नियमाने जननेंद्रियांना इजा झालेल्यांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारला होता. पुढे यशया संदेष्ट्याने छप्पन्नाव्या अध्यायात त्यांनाच मंदिरात कायमचे नाव व स्थान देण्याचे अभिवचन घोषित केले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात फिलिपने इथिओपियाच्या षंढ अधिकाऱ्याला वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा दिला. त्यापूर्वी तो अधिकारी यशयाचेच पुस्तक वाचत होता!

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या सोळाव्या खंडात दोन्ही लिंगांची चिन्हे असलेल्या माणसांचा उल्लेख केला आहे. शरीर कितीही असामान्य असो, जो बुद्धियुक्त मर्त्य मानव आहे तो आदामाचाच वंशज आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एका जीवनाची शोकांतिका

शास्त्र स्पष्ट असूनही व्यवहारात काय घडते, याचे एक उदाहरण फ्रान्समध्ये आहे. एर्क्युलिन बार्बिन ही व्यक्ती ८ नोव्हेंबर १८३८ रोजी जन्मली. मुलगी म्हणून वाढली, कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. तेथे एका सहशिक्षिकेशी तिचा प्रेमसंबंध जुळला. शरीराचे कोडे आणि मनावरील ओझे घेऊन ती प्रायश्चित्त संस्काराला गेली. एका धर्मगुरूकडून तिला तिरस्कार मिळाला. दुसऱ्याने मठात प्रवेश करून हे सत्य कुणालाही न सांगण्याचा सल्ला दिला. पुढे ला रोशेलचे महागुरू लान्द्रियो यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले. तिची अनुमती मागून त्यांनी आपल्या परिचयाच्या डॉक्टरांचे साहाय्य घेतले. शरीराचे सत्य आधी समजले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

१८६० साली न्यायालयाने नोंदवहीत दुरुस्ती करून त्या व्यक्तीला पुरुष ठरविले. परंतु कागदावरील दुरुस्तीने जीवन सावरले नाही. नोकरी, मैत्री, गाव सारे मागे पडले. पॅरिसमध्ये दारिद्र्य व एकाकीपण सोसून १८६८ साली तिने स्वतःचे जीवन संपविले. तेव्हा तिचे वय अवघे एकोणतीस होते. अचूक निदान झाले, कायदेशीर निर्णयही झाला. पण ज्या समाजात ती वाढली होती, त्यात तिच्यासाठी जागा उरली नव्हती.

पाप कशाला म्हणावे?

ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथानुसार प्राणघातक पापासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती. गर्भातील बाळाला ना जाणीव असते ना संमती. शरीराची घडण ही कृतीच नव्हे. त्यामुळे तिला पाप म्हणता येत नाही. आदिपापाच्या शिकवणीचाही येथे चुकीचा आधार घेतला जातो. आदिपापाच्या जखमा साऱ्या मानवजातीला आहेत. कुणा एका बाळावर तो विशेष दंड नाही.

मग लैंगिक जीवनाचे काय? शुचितेचे पाचारण सर्वांना आहे. विवाहाबाहेरील शरीरसंबंधांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण जशी इतरांना, तशीच आंतरलिंगी व्यक्तीला लागू होते. अधिक कठोरही नाही आणि अधिक शिथिलही नाही. विवाहाविषयी धर्मविधिसंहितेचे कलम १०८४ सांगते, की केवळ वंध्यत्व हा विवाहातील अडथळा नव्हे. समागमाची असमर्थता विवाहापूर्वीची व कायमची असेल तरच विवाह अवैध ठरतो, आणि तिच्याविषयी शंका असल्यास विवाह रोखता येत नाही. असे प्रश्न धर्मगुरू व डॉक्टर यांच्या मार्गदर्शनाने, प्रत्येक व्यक्तीची अवस्था पाहूनच सोडवावे लागतात.

शस्त्रक्रिया आणि निर्णय

ख्रिस्तसभा स्त्री व पुरुष या भेदाला निर्मितीची देणगी मानते आणि तिसऱ्या लिंगाची कल्पना स्वीकारीत नाही. मात्र २०१९ साली व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षण मंडळाने काढलेल्या पत्रकात असेही म्हटले आहे, की लिंग स्पष्ट नसेल तेव्हा पालकांनी वा समाजाने मनमानी निवड करू नये. उपचार केवळ आरोग्याच्या हेतूने व्हावेत आणि शरीरात कमीत कमी ढवळाढवळ व्हावी. एप्रिल २०२४ मधील ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या घोषणापत्राने लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांविषयी इशारा दिला. जननेंद्रियांची जन्मजात अथवा पुढे उद्भवलेली विकृती असलेल्या व्यक्तीला वैद्यकीय साहाय्य घेण्याची मोकळीक मात्र ठेवली.

अजाण वयात झालेल्या शस्त्रक्रियांमुळे वेदना, संवेदना हरपणे, वंध्यत्व असे परिणाम भोगल्याची तक्रार अनेक प्रौढ आंतरलिंगी व्यक्ती करतात. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या माल्टा देशाने २०१५ साली मुलांवरील अनावश्यक शस्त्रक्रियांना कायद्याने मनाई केली. आपल्या देशात मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तसाच निर्णय दिला आणि तामिळनाडू शासनाने त्याच वर्षी आदेश काढला. ज्या शस्त्रक्रियेवाचून प्राणास वा आरोग्यास धोका नाही, तिची घाई लोकलज्जेपोटी करू नये, हा यातील बोध आहे.

मात्र थांबणे म्हणजे लपविणे नव्हे. वर सांगितलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या विकारात अनेक बाळांच्या शरीरातून मीठ वेगाने निघून जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या होतात, बाळ कोमेजते आणि उपचार न झाल्यास दगावते. वेळेवर औषधे मिळाली तर तेच बाळ दीर्घायुषी होऊ शकते. लाजेने दार बंद करून बसलेल्या घरात असे बाळ गमावले जाऊ शकते. म्हणून शंका येताच बालरोगतज्ज्ञ व संप्रेरकतज्ज्ञ यांच्याकडे जाणे हे पालकांचे पहिले कर्तव्य होय.

धर्मग्रामाने काय करावे?

बाप्तिस्मा पुढे ढकलण्याचे कारण नाही. कलम ८६४ नुसार बाप्तिस्मा न झालेली प्रत्येक मानवी व्यक्ती त्यास पात्र आहे. विधीतील ‘तुला’ हे सर्वनाम मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. आपली मायबोलीही तान्ह्या जिवाला ‘ते बाळ’ म्हणूनच उचलून घेते. नोंदवहीतील लिंगाच्या रकान्याविषयी धर्मगुरूंनी धर्मप्रांतीय कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

शेजाऱ्यांनी बारशाला आवर्जून जावे आणि खोदून प्रश्न विचारू नयेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणा मुलाच्या शरीराची थट्टा होत असेल तर शिक्षकांनी ती तेथेच थांबवावी. आईवडिलांनी मुलाला त्याच्या शरीराचे सत्य वयानुरूप, प्रेमाने सांगावे. ते परक्याच्या तोंडून कळण्याची वेळ येऊ देऊ नये. आणि ‘कोणाचे पाप?’ हा प्रश्न पुन्हा कुणी विचारलाच, तर प्रभूने शिष्यांना दिलेले उत्तर त्याला नम्रपणे, पण निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.