वर्षाला ६० हजार किलोमीटर पळणारी सेकंडहँड गाडी कशी निवडाल?



१ जूनला मासेमारी बंदी लागली की बोटी किनाऱ्याला येतात आणि ३१ जुलैपर्यंत हात थोडे मोकळे होतात. वर्षभर पुढे ढकललेली कामं याच दोन महिन्यांत निघतात, गाडी घेणं हे त्यातलं एक. "कुठली सेकंडहँड गाडी घेऊ?" हा प्रश्न दर पावसाळ्यात आपल्या मंडळींकडून येतो. म्हणून आज त्यावर सविस्तर लिहीत आहोत.

हा लेख माल वाहायच्या पिकअपबद्दल नाही. पहाटे जेटी, दुपारी पार्ट आणायला बेळगाव किंवा कोल्हापूर, मध्येच गोमेकॉत आईची तपासणी, रात्री परत जेटी, अशी ज्यांची गाडी पळते, त्यांच्यासाठी हा आहे.

आधी आपलं रनिंग मोजा

पणजीहून चोरला घाटाने बेळगाव शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे. जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास. रोज तेवढंच रनिंग आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेपाच हजार किलोमीटर. हंगामाचे दहा महिने म्हणजे ५५ हजार. बंदीतलं घरगुती फिरणं मिळवलं की वर्षाला ६० हजार. पाच वर्षांत ३ लाख!

साधी घरगुती गाडी वर्षाला दहा-पंधरा हजार चालते. म्हणजे तिची वीस वर्षं आपण पाच वर्षांत संपवतो. त्यामुळे शेजाऱ्याला जी गाडी छान लाभली ती आपल्याला लाभेलच असं नाही.

बोटीचं जुनं इंजिन घेताना आपण किती तास चाललंय ते विचारतो, किती वर्षांचं आहे ते नंतर. गाडीचंही तसंच. वर्षं कमी आहेत म्हणून भुलू नका आणि किलोमीटर जास्त दिसले म्हणून लगेच पळू नका. हायवेवर एका चालीने १ लाख २० हजार चाललेली गाडी ही शहरात तुकड्या-तुकड्यांनी ५० हजार चाललेल्या गाडीपेक्षा आतून बरी असू शकते. थंड इंजिन पुन्हा पुन्हा चालू करणं, सतत क्लच-ब्रेक, गरम होण्याआधीच बंद, याने झीज जास्त होते.

डिझेल, पेट्रोल की सीएनजी?

हिशेब मांडून बघू. वर्षाला ६० हजार किलोमीटर. पेट्रोल ९६, डिझेल ८८ आणि सीएनजी ९० रुपये धरू. तुमच्या पंपाचे दर घालून पुन्हा मांडा.

• पेट्रोल, अ‍ॅव्हरेज १६ : ३,७५० लिटर, ३ लाख ६० हजार रुपये
• डिझेल, अ‍ॅव्हरेज २० : ३,००० लिटर, २ लाख ६४ हजार रुपये
• सीएनजी, अ‍ॅव्हरेज २४ : २,५०० किलो, २ लाख २५ हजार रुपये

पेट्रोल आणि डिझेलमधला फरक वर्षाला ९६ हजारांचा. इंजेक्टर, टर्बो वगैरे डिझेलचे मोठे खर्च गृहीत धरूनही एवढ्या रनिंगला डिझेल परवडतं. पण तुमचं रनिंग १५ हजारच असेल तर हाच फरक २४ हजारांवर येतो आणि एक इंजेक्टरचं काम निघालं की तो संपतो. तेव्हा "डिझेल स्वस्त" हे वाक्य सगळ्यांना लागू नाही.

सीएनजी सगळ्यात स्वस्त दिसतो, पण डिकी सिलिंडरने भरते, चढावाला जोर कमी पडतो, आणि आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे व तिथे रांग किती असते हे आधी पाहावं लागतं. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागा. कंपनीने बसवलेला सीएनजीच घ्या. बाहेरून बसवला असेल तर आरसीवर नोंद आहे का पाहा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. लांब पल्ल्याला तो स्वतःला साफ करतो, पण घर ते जेटी एवढंच चालवलं तर तुंबतो आणि बदलायला महाग पडतो. म्हणजे आपल्या लांबच्या फेऱ्यांना ती गाडी चालेल, पण आधीच्या मालकाने ती कशी चालवली हे विचाराच.

पेट्रोल घेत असाल तर आणखी एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्याला धरून बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरा आणि इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्या.

कुठल्या गाड्या बघाव्यात?

आम्ही कुणाची जाहिरात करत नाही. लांब रनिंगला बाजारात टिकलेल्या, आणि कुठल्याही गावात फिटर व पार्ट मिळणाऱ्या गाड्या सांगतो.

*टोयोटा इनोव्हा.* चार-पाच लाख किलोमीटर चाललेल्या इनोव्हा टॅक्सीवाल्यांकडे सहज दिसतात. बसायला उंच, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसालाही बरी. जुन्या २.५ लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलल्याचं बिल मागा, कारण बेल्ट तुटला तर इंजिनच खोलावं लागतं. २०१६ साली आलेल्या क्रिस्टाच्या २.४ डिझेलला चेन आहे. दोष एकच, जुनी झाली तरी किंमत उतरत नाही.

*टोयोटा इटिओस (डिझेल).* २०२० साली बंद झाली, दिसायला साधी, म्हणून किंमत आवाक्यात. आत ऐसपैस आणि डिकी जवळपास ६०० लिटरची. टॅक्सीत भरपूर चालल्यामुळे तिची नस फिटर लोकांना माहीत आहे.

*मारुती डिझायर, सियाझ, अर्टिगा.* एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं. त्याआधीचं १.३ डिझेल इंजिन अ‍ॅव्हरेजला चांगलं आणि पार्ट सगळीकडे मिळतात. लांबच्या बैठकीला तिघींत सियाझ आरामाची. घरची माणसं जास्त असतील तर अर्टिगा.

*होंडा सिटी (पेट्रोल).* इंजिन मऊ, बैठक चांगली. पण खाली आहे, आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि उंच गतिरोधकांवर पोट घासतं.

दणकट म्हणून बोलेरोचं नाव नेहमी निघतं. ती टिकते खरी, पण रोज दोनशे किलोमीटर बसून पाठ काय म्हणते ते एकदा चालवून ठरवा.

आराम ही चैन नाही

रात्री बोट लागली, लिलाव झाला, हिशेब झाला आणि मग घाट चढायचा. अशा वेळी आखडलेली पाठ, जड क्लच आणि कानात घुमणारा आवाज माणसाला लवकर थकवतात. थकला की डोळा लागतो. घाटात डोळा लागला तर काय होतं ते सांगायला नको.

म्हणून गाडी किमान तासभर चालवून बघा. मांडीखाली सीटचा आधार येतो का, सीटची उंची आणि स्टिअरिंग खाली-वर होतं का, डाव्या पायाला टेकायला जागा आहे का, क्लच हलका आहे का, ८० च्या वेगात शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येतं का, हे पाहा. घरातलं मोठं माणूस बरोबर न्या आणि त्याला चढायला-उतरायला सांगा.

आरामाबरोबर सुरक्षाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग जानेवारी २०२२ पासून. त्याआधीची गाडी घेताना त्या मॉडेलला हे आहे की नाही ते बघून घ्या. पावसात चोरला उतरताना एबीएसची किंमत कळते. आणि गाडी कितीही चांगली असली तरी झोप आली की बाजूला लावून वीस मिनिटं डोळे मिटा.

खारं पाणी आणि पुराचं पाणी

लोखंडाचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. किनाऱ्यावरची गाडी वरून चकचकीत असली तरी खालून खाल्लेली असू शकते. गाडी लिफ्टवर चढवून चॅसीस, सस्पेन्शनचे जोड, ब्रेकचे पाइप आणि सायलेन्सर बघा. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर स्क्रू-ड्रायव्हरने हळूच टोचून पाहा. बेळगाव-कोल्हापूरकडच्या गाड्यांना त्या मानाने गंज कमी असतो.

पण तिकडे दुसरी भीती. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग दिसेल. सीटखालच्या पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा, मॅटखालची जमीन बघा. हेडलाइटच्या आत वाफ, गाडीत कुबट वास आणि त्यावर अत्तराचा मारा असेल तर सरळ मागे फिरा. वायरिंगमधलं पाणी सहा महिन्यांनी त्रास देतं, आणि तेव्हा विकणारा फोन उचलत नाही.

मीटर खरं बोलतंय का?

मीटर मागे फिरवणं आजही चालतं. मीटरवर ३८ हजार आणि पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेलं, चालकाची सीट एका बाजूला बसलेली, हे जुळत नाही. टायरवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटर ३८ हजार आणि चारही टायर २०२२ चे असतील तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी काढता येतात. मालकाला बरोबर घेऊनच त्या काढा.

इंजिन तपासणं

हे काम आपल्या हातचं. जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करा आणि मगच चावी फिरवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटचा संशय. डिझेलला काळा धूर असेल तर इंजेक्टर, टर्बो बघावा लागेल. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर पाणी मिसळतंय. डिझेल इंजिन चालू असताना ते झाकण उघडून पाहा, जोरात भपकारे येत असतील तर रिंगा झिजल्यात. नंतर चढावर न्या, कारण लोड पडल्याशिवाय इंजिन खरं बोलत नाही.

कागद पक्के तर गाडी आपली

परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकून विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा तपासा आणि ई-चलनंही पाहा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. चॅसीस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा स्वतः जुळवा.

एमएच-०७, एमएच-०९ किंवा केए-२२ ची गाडी गोव्यात कायमची आणायची तर मूळ आरटीओचं एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथली नोंदणी बंधनकारक आहे. स्वस्त वाटलेली गाडी या खर्चात महाग पडू शकते, म्हणून कराचा आकडा काढूनच भाव करा. दिल्लीकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्याही एनओसी घेऊन इतर राज्यांत येतात. अशा गाडीची खासगी नोंदणी १५ वर्षांचीच असते हे धरून उरलेली वर्षं मोजा.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप चालू राहतो, पण आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा नाव बदललं नसेल तर अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

आणि एक विनंती. या गाडीत माशांचे क्रेट टाकू नका. बर्फाचं खारं पाणी मॅटखाली मुरतं, जमीन आणि वायरिंग खातं. शिवाय खासगी गाडीत धंद्याचा माल असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मालाला पिकअपच बरी.

घेतल्यावर काय?

सगळे पैसे गाडीत घालू नका. ४ लाखांचं बजेट असेल तर साडेतीन लाखांची गाडी बघा. उरलेल्यात सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक आणि लागलेच तर टायर बदलून टाका. दर १० हजारांना सर्व्हिस म्हणजे आपल्या रनिंगला वर्षात सहा वेळा, दर दोन महिन्यांनी एकदा. तारीख न बघता मीटर बघा. पावसाळ्यात आणि जेटीवर उभी राहणारी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, जशी आपण हंगाम संपला की बोट धुतो.

गाडी पसंत पडली की बयाणा देण्याआधी आरसीची झेरॉक्स घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. कागद एकत्र बसून बघू. घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला बंदी संपेपर्यंत वेळ आहे.

ज्यांच्या घरी गाडीची बोलणी चालू आहेत त्यांना हा लेख जरूर पाठवा. आणि तुमची गाडी दोन लाखांच्या पुढे गेली असेल तर कुठली गाडी, किती किलोमीटर, मोठा खर्च कशावर झाला, एवढं खाली लिहा. घेणाऱ्याला त्याचा फार उपयोग होईल.

सावकाश चालवा, सुखरूप घरी या.