माळ्यावर न जाणारी भेट

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी एक प्रश्न न चुकता उभा राहतो. फराळाचा नव्हे, ते खाते आमच्या सौभाग्यवतींकडे असते आणि त्यात माझे मत कोणी विचारीत नाही. प्रश्न असतो तो द्यायचे काय, हा! पाडव्याला पत्नीला काय, भाऊबीजेला बहिणीला काय, आणि ज्या वर्षी दिवाळसण असेल त्या वर्षी जावईबापूंना काय? कित्येक वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर एकाच सोप्या रीतीने देत आलो. दुकानात जायचे, जे चकचकीत दिसेल आणि खिशाला झेपेल ते उचलायचे, वर रंगीत फीत बांधून घ्यायची, की झाली दिवाळी साजरी!

माझे डोळे उघडले ते २०२४ च्या उन्हाळ्यात, आणि तेही एका माळ्यावर.

माझी थोरली बहीण पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात राहत असे. वाडा पडून तेथे इमारत व्हायची ठरली आणि ताईचे बिऱ्हाड हलवायची वेळ आली. मी मदतीला गेलो. शिडी लावून माळ्यावर चढलो आणि पाहतो तो काय, माझ्या वीस वर्षांच्या भाऊबीजा तेथे ओळीने बसलेल्या! चिनी मातीचा डिनरसेट, काचेचे सरबताचे पेले, परदेशी सुऱ्यांचा लाकडी ठोकळ्यातला संच, अत्तरदाणीसारखे दिसणारे आणि कशाच्याच उपयोगी न पडणारे एक पात्र. बहुतेकांची फीतसुद्धा सुटलेली नव्हती.

एकच खोके उघडलेले होते. त्यात बिडाची कढई होती. २०२१ सालची. ही भेट मात्र मी मोठ्या विचाराने निवडली होती. देखणी, टिकाऊ, आपल्याकडच्या कारागिरांनी ओतलेली! तीही माळ्यावर पाहून मी थोडा रागावलोच.

“ताई, ही तरी वापरायची!”

“उघडली होती रे,” ताई खालून म्हणाली, “पण उचलेना. उजवं मनगट धरतं ना माझं. दोन वर्षं होऊन गेली.”

मी शिडीवर तसाच उभा राहिलो. दोन वर्षे बहिणीचे मनगट दुखत होते, दोन वर्षे त्याच हाताने तिने मला ओवाळले होते, आणि माझ्या ते ध्यानीही आले नव्हते.

खाली आलो तर स्वयंपाकघरात भिंतीच्या खिळ्याला एक लोखंडी उलथने टांगलेले दिसले. कॉलेजात असताना, खिशात चार रुपये होते तेव्हा, मी ते जुन्या बाजारातून तिला आणून दिले होते. त्याची एक कड घासून तिरकी झाली होती. ताई ते शेवटपर्यंत कोणाला बांधू देईना. “संध्याकाळी लागेल,” म्हणाली.

त्या दिवसापासून मी भेटवस्तूंचा विचार निराळ्या रीतीने करू लागलो. माझ्यासारखे ‘माळा भरणारे’ भाऊ, दीर, मामा आणि नवरे पुष्कळ असतील, म्हणून तो विचार येथे सांगतो.

तांब्याला विचारलेले प्रश्न

वस्तू चांगली कशाला म्हणावी, हा प्रश्न आपल्या सरकारलाही एकदा पडला होता. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतील दांपत्य त्यांनी घडविलेल्या खुर्च्यांमुळे जगभर ओळखले जाई. त्यांना भारत सरकारने बोलाविले, त्यांनी देश हिंडून पाहिला आणि १९५८ साली आपला अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गंमत अशी की, आपल्याकडे पाहिलेल्या वस्तूंत या दोघांच्या मनात सर्वांत भरला तो आपला साधा तांब्या!

तांब्या नव्याने घडवायचा झाला तर काय काय पाहावे लागेल, याची त्यांनी भली मोठी यादी दिली आहे. उचलणारे हात केवढे आणि किती ताकदीचे? तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असता तोल कसा राहतो, रिकामा असता कसा? आत हात घालून घासता येतो का? जमिनीवर ठेवताना आवाज कसा होतो? मोल किती? आणि अखेरीस, तो जवळ बाळगताना कसे वाटेल, आणि कोणाला देताना कसे वाटेल?

वाचकहो, भेट घेण्यापूर्वी यांतले चारच प्रश्न स्वतःला विचारावेत, असे मला वाटते. ही वस्तू कोणाच्या हातात जाणार? ती कशी उचलली जाणार? ती घासणार, पुसणार, धुणार कोण? आणि ठेवणार कोठे? माझी बिडाची कढई पहिल्याच प्रश्नाला नापास झाली असती.

स्वयंपाकघरासाठी

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासूनची ही वस्ती. तेथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके शेजारी शेजारी बसवून जी नक्षी उमटवितात, तिला मठारकाम म्हणतात. हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात. ठोकल्याने पत्रा घट्ट आणि कणखर होतो. पिण्याचे पाणी ठेवण्यास असा तांब्या किंवा घागर उत्तम. मात्र दुकानात ते भांडे पाण्याने भरून उचलून पाहावे. रिकामे भांडे कोणालाही हलकेच वाटते!

तांब्यापितळेचे पातेले द्यायचे असेल तर ते कल्हई केलेलेच द्यावे. एरवी आंबट पदार्थ त्यात कळकतो. भांडे तापवून नवसागर टाकताच पांढरा धूर उठतो, त्यावर कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसले की आतून चांदीसारखा लखलखाट होतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून असे भांडे रिकामे जाळावर विसरू नये, ही सूचनाही भेटीबरोबर द्यावी. कल्हईवाले आता दारावर क्वचितच येतात. तेव्हा ‘दर वर्षी कल्हई मी करवून आणीन’ असे वचन सोबत दिलेत, तर ते भांड्याइतकेच मोलाचे.

बिडाचा तवा तरण्या, धडधाकट हातांसाठी. पण तो कोरा देऊ नका. तेल चोळून, तापवून, निववून, पुन्हा तेल चोळून, असा चार दिवस मुरवावा. पहिले घावन आपल्याच घरी चिकटू द्यावे आणि ज्या दिवशी ते आपसूक सुटेल त्या दिवशी तवा द्यावा. वयस्क हातांना मात्र दोन कानांची, हलकी, दोन्ही हातांनी उचलता येणारी भांडी बरी.

आणि भांड्यावर नाव घालावयास विसरू नका! कोणी कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या साली दिले, हे चार शब्द भांड्याच्या कडेवर कोरून घेण्याची आपली पद्धत फार शहाणपणाची आहे. नाव घातलेले भांडे दुसऱ्याच्या लग्नात पुढे ढकलता येत नाही, हा तिचा एक मोठा फायदा.

घरासाठी

घर सजविण्याच्या वस्तू देताना पुसणाऱ्याचा विचार प्रथम करावा. जिच्या नक्षीत धूळ बसते ती वस्तू देणे म्हणजे दुसऱ्याला आठवड्याचे काम लावून देणे होय. त्यापेक्षा जी वापरताही येते आणि नुसती ठेवली तरी शोभते, ती पाहावी. सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे एकशेवीस गोल पत्ते असतात, सारे हाताने रंगविलेले. मुलांना अवतार ओळखायला लावावेत, मोठ्यांनी डाव शिकावा, आणि एरवी त्या रंगीत पेटीत ते सुखाने राहतात. किंवा बुरुडाकडची बांबूची घट्ट विणलेली परडी घ्यावी. कांदे ठेवा, लोकर ठेवा, फुले ठेवा. ती कशालाही नाही म्हणत नाही.

कपाटासाठी

कपड्याच्या बाबतीत आपण पुरुष फार ठोकळेबाज. साडी म्हटली की काठ पाहायचा आणि किंमत पाहायची. नेसणारीला ती पेलेल का, घरी धुता येईल का, हे विचारायचे सुचतच नाही. जरीचे भरजरी वस्त्र वर्षातून एकदा बाहेर निघते. अंगासरशी बसणारी सुती इरकल किंवा नारायणपेठी आठवड्यातून एकदा. कोणती अधिक वेळा आपली आठवण करून देईल, हा हिशेब सोपा आहे.

पायांसाठी कोल्हापुरी. हिरडा आणि झाडाची साल वापरून कमावलेले कातडे, आणि शिवण कातड्याच्याच वादीची; खऱ्या कोल्हापुरीला खिळा लागत नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. पुढे २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील एका नामवंत पेढीने मिलान शहरात तशाच चपला मिरविल्या, तेव्हा आपल्याकडे गदारोळ उठला आणि मूळ प्रेरणा भारतातली, हे त्या पेढीला मान्य करावे लागले. आपल्या पायाखालच्या वस्तूचे मोल आपल्याला असे दुरून कळते! मात्र चप्पल अंदाजाने घेऊ नये. ज्याला द्यायची त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढून घ्यावी. गुपित फुटेल, पण चप्पल होईल.

पुस्तकांच्या फळीसाठी

पुस्तक ही एकच भेट अशी की जिला माळा वर्ज्य नाही. तेथेही कोणीतरी पोरगे ती शोधून काढते. तरीही ती वाचणाऱ्याच्या बेताने द्यावी. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठ्या टायपाची आवृत्ती, प्रवासी माणसाला हलके पुस्तक, नव्या संसाराला पाककृतींचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. आणि घरोघरी ‘रुचिरा’ची जी प्रत दिसते तिला तेलाचे डाग हे असायचेच. ते डाग म्हणजे त्या भेटीची पावती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर कोणत्याही वयाला द्यावीत. हसता हसता डोळे पुसायला लावणारे असे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही.

फार खर्च नको असेल तर दिवाळी अंक आहेच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचे ताट मांडण्याची चाल आपल्याकडे पडली. पुस्तक असो की अंक, पहिल्या पानावर दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. छापील शुभेच्छापत्र कोणी जपून ठेवीत नाही; अक्षर ठेवतात.

आणि ताईला?

त्या दिवशी माळ्यावरून शेवटी एक गाठोडे निघाले. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली आमच्या आईची विळी.

“आता खाली बसवत नाही, गुडघे वाकत नाहीत,” ताई म्हणाली, “आणि सुरीनं चिरलं की मनगट ठणकतं.”

मी विळी घरी आणली. सुरी दाबायची ती मनगटाने. विळीचे पाते मात्र जागचे हलत नाही आणि भाजी दोन्ही हातांनी त्यावर लोटता येते. म्हणजे विळीच ताईच्या सोयीची. खोटी होती ती फक्त जमिनीवर बसण्याची. ताईच्या नव्या घरी गेलो असता मी चहाच्या निमित्ताने ओटा आणि जेवणाचे टेबल मोजून घेतले. टेबल ओट्याहून चार बोटे खाली निघाले. ताईची उंची बेताची, तिला टेबलच बरे. सुताराकडून सागवानी पाट करविला, टेबलाच्या कडेला खालून स्क्रूने आवळता येईल असा. त्यावर आईच्या विळीचे जुने पाते बसविले आणि धार लावून घेतली. २०२४ च्या भाऊबीजेला तो वर्तमानपत्रात गुंडाळून ताईपुढे ठेवला.

तिने कागद सोडला, पात्याच्या टोकाची नारळाची खवणी ओळखली आणि काही न बोलता उठून आत गेली. मला वाटले, डोळे पुसायला गेली असेल. ती आली ती लाल भोपळा घेऊन!

या गोष्टीला आता वर्ष होत आले. परवाच ताईचा फोन आला. “या भाऊबीजेला उगीच काही आणू नकोस,” ती म्हणाली. “विळीची धार गेली आहे. दोन दिवस आधी येऊन ने आणि लावून आण.”

इतक्या वर्षांत भेट काय हवी, हे तिने मला सांगितले ते प्रथमच.