चार कोअरची दहा वर्षं

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात संगणक क्षेत्रातल्या मंडळींची मोठी परिषद भरली होती. इंटेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट व्यासपीठावर आले आणि भर सभेत गुडघे टेकून त्यांनी माफी मागितली. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा शब्द कंपनीने दिला होता आणि तो आता येणार नाही, हे नुकतंच जाहीर झालं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रोसेसर कंपनीच्या प्रमुखाला एका आकड्यापायी गुडघ्यांवर यावं लागलं. न आलेल्या चिपबद्दलच्या अपेक्षेला किती वजन असतं, हे सांगायला मला याहून चांगला प्रसंग माहीत नाही.

हा आकडा इतका मोठा कसा झाला? मार्च २००० मध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला आणि अवघ्या दोन दिवसांनी इंटेलने तेवढ्याच वेगाचा पेंटियम ३ पुढे केला. त्याच वर्षी घाईघाईत आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ इंटेलला बाजारातून परत घ्यावा लागला. पण लोकांच्या मनात एक हिशेब पक्का बसला होता: गिगाहर्ट्झ जास्त, म्हणजे संगणक वेगवान. इंटेलने पेंटियम ४ ची सगळी रचना याच हिशेबावर उभी केली. पुढे हीच रचना दहा गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, असं तेव्हा बोललं जात होतं.

ती गेली नाही, आणि का गेली नाही हे समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेसरमध्ये एकेक सूचना टप्प्याटप्प्याने पूर्ण होते. टप्पे जितके बारीक पाडाल, तितका प्रत्येक टप्पा लवकर उरकतो आणि घड्याळाचा वेग, म्हणजे गिगाहर्ट्झ, वाढवता येतो. २००४ मधल्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ मध्ये असे ३१ टप्पे होते. पण प्रोग्राम पुढे कुठल्या वाटेने जाणार याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला, की वाटेतलं सगळं अर्धवट काम टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. टप्पे जास्त, तर नुकसानही जास्त. त्यात वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. ९० नॅनोमीटरच्या त्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज झिरपत राहायची. या सगळ्याची उष्णता झाली. तेव्हाच्या कॅबिनेटमधल्या पंख्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या काळात एएमडीने आकड्यांची शर्यत सोडून वेगळं काम केलं. २००३ मध्ये आलेल्या ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ ने जुने ३२ बिटचे प्रोग्राम जसेच्या तसे चालवत ६४ बिटचं दार उघडलं. इंटेलची ६४ बिटची वाट निराळी होती, इटॅनियमची, आणि जुन्या प्रोग्रामांशी तिचं सूत नीट जुळत नव्हतं. शेवटी इंटेलनेच एएमडीची पद्धत उचलली. आजही लिनक्सच्या फायली उतरवताना त्यांच्या नावात ‘एएमडी६४’ दिसतं, मग तुमच्या संगणकात प्रोसेसर इंटेलचा का असेना.

मुळात ही दुसरी कंपनी या खेळात आली कशी? १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादाराच्या हाती मान द्यायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२ च्या कराराने एएमडी इंटेलच्याच आराखड्याच्या चिप बनवू लागली. ३८६ या चिपच्या वेळी इंटेलने आराखडा द्यायचं नाकारलं. लवाद, खटले यांत वर्षं गेली आणि १९९१ मध्ये एएमडीचा स्वतःचा ३८६ बाजारात आला. गिऱ्हाईक म्हणून आयबीएमने जी अट घातली, तिचं फळ पुढची चाळीस वर्षं आपण खात आलो आहोत.

इथे पुण्याशी जोडलेलं एक नाव घेतलंच पाहिजे. विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. पेंटियमच्या घडणीतला त्यांचा वाटा सर्वज्ञात आहे, पण पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्या आराखड्यातून १९९७ मध्ये के६ आला. पेंटियमच्याच मदरबोर्डवर बसणारा आणि पेंटियमहून स्वस्त! एकाच माणसाने दोन्ही तंबूंत राहून दोन्हीकडे मोलाचं काम केल्याची अशी उदाहरणं या उद्योगात फार नाहीत.

आता ज्या काळासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला. तो इस्रायलमधल्या हैफाच्या चमूच्या कामावर आधारलेला होता. गिगाहर्ट्झ कमी आणि काम जास्त, अशी ती उत्तम चिप होती. एएमडीने त्याच वर्षी ५.४ अब्ज डॉलर मोजून ग्राफिक्सवाली एटीआय घेतली आणि या खर्चाने एएमडीचाच श्वास कोंडला. २००७ च्या तिच्या फेनॉम प्रोसेसरमध्ये दोष निघाला. २००९ मध्ये तिने आपले कारखानेही वेगळ्या कंपनीकडे दिले. त्याच वर्षी इंटेलने १.२५ अब्ज डॉलर देऊन एएमडीशी तडजोड केली. संगणक कंपन्यांनी आपला माल घेऊ नये म्हणून इंटेल त्यांना सवलती देते, असा एएमडीचा आरोप होता.

मग आली एएमडीच्या बुलडोझरची वेळ. ऑक्टोबर २०११ च्या आधी या चिपबद्दल जेवढी आशा बाळगली गेली, तेवढी क्वचितच कुणाबद्दल बाळगली गेली असेल. डेस्कटॉपवर आठ कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये काम करणारी आठ स्वतंत्र केंद्रं! प्रत्यक्षात दोन-दोन कोअरची जोडी दशांशातली गणितं करणारा भाग वाटून घेत होती आणि एकेकटा कोअर संथ होता. ‘आठ कोअर’ या दाव्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १.२१ कोटी डॉलरवर तो मिटवला. २०१५ मध्ये तिचा शेअर दोन डॉलरच्याही खाली होता.

या काळात इंटेलने काय केलं? जानेवारी २००७ मध्ये कोअर २ क्वाड क्यू६६०० आला, चार कोअरचा. जानेवारी २०१७ मध्ये सर्वसाधारण ग्राहकासाठीचा इंटेलचा सर्वांत वरचा प्रोसेसर होता कोअर आय७-७७००के. त्यातही कोअर चारच. मधल्या चिप वाईट नव्हत्या. २०११ चा सँडी ब्रिज तर अप्रतिम होता आणि कित्येकांकडे तो सात-आठ वर्षं टिकला. जास्त कोअर बनवता येत नव्हते असंही नाही. २०१६ मध्ये दहा कोअरचा आय७-६९५०एक्स विकायला होता, पण किंमत होती १,७२३ डॉलर. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, थ्री-डी ड्रॉइंग काढणारा, सॉफ्टवेअर लिहिणारा असा ज्याला कोअर खरोखर लागतात, तो माणूस दहा वर्षं चारावर अडकून राहिला. समोर कुणी नव्हतं म्हणून हे झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजू पालटली ती एएमडीच्या झेन या नव्या आराखड्याने. २०१२ मध्ये चिपरचनाकार जिम केलर एएमडीत परतले, माइक क्लार्क यांच्या चमूने कोऱ्या कागदावरून तो मांडला आणि २०१४ मध्ये लिसा सू कंपनीच्या प्रमुख झाल्या. बुलडोझरने पोळलेले लोक झेनच्या बातम्या जीव मुठीत धरून वाचत होते. एएमडीने प्रत्येक गिगाहर्ट्झमागे ४० टक्के जास्त काम करून देण्याचं उद्दिष्ट सांगितलं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिने आपली आठ कोअरची चिप इंटेलच्या आठ कोअरच्या चिपशेजारी ठेवली, दोन्हींचं घड्याळ तीन गिगाहर्ट्झवर बांधलं आणि ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये एकच चित्र दोन्हींकडून काढून घेतलं. एएमडी किंचित पुढे निघाली. २ मार्च २०१७ ला झेनवर आधारलेला रायझन ७ बाजारात आला. इंटेलचा आठ कोअरचा प्रोसेसर हजार डॉलरच्या वर होता. रायझन ७ १७०० होता ३२९ डॉलरला. आणि वाढ ४० नव्हे, ५२ टक्के निघाली. शब्दाहून जास्त देणारी चिप या धंद्यात विरळाच.

पहिल्या रायझनमध्ये उणिवा होत्या. संगणकावरच्या खेळांमध्ये ७७००के पुढेच राहिला, रॅम जुळवताना लोक मेटाकुटीला आले. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचा सहा कोअरचा ८७००के आला आणि वर्षभराने आठ कोअरचा ९९००के. चिप काही सात महिन्यांत उभी राहत नाही, तेव्हा सहा कोअरची तयारी इंटेलकडे आधीपासून असणारच. तरीही दहा वर्षं न हललेला आकडा दोन वर्षांत दुप्पट झाला.

दरम्यान इंटेलचं दहा नॅनोमीटरचं तंत्र रखडलं. डेस्कटॉपवर तिची १४ नॅनोमीटरची चिप २०१५ पासून २०२१ च्या रॉकेट लेकपर्यंत चालू राहिली. एएमडीने २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसीकडून सात नॅनोमीटरवर चिप बनवून घेतली, तीही तुकड्यांत. आठ कोअरचा एक लहानसा तुकडा. सिलिकॉन लहान म्हणून त्यात दोष निघण्याची शक्यता कमी. एक तुकडा लावला तर आठ कोअर, दोन लावले तर सोळा, आणि तोच तुकडा सर्व्हरच्या एपिक प्रोसेसरमध्येही. बाकीची जोडणी सांभाळणारा भाग जुन्या, स्वस्त तंत्रावर. या कल्पनेने गेल्या दशकातलं डेस्कटॉपचं अर्थकारण जितकं बदललं, तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

आणि पुढे आली की एएमडीही इंटेलसारखीच वागते, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० ने इंटेलला खेळांतही गाठलं आणि त्याच वेळी किमती ५० डॉलरनी चढल्या. सहा कोअरचा ५६००एक्स २९९ डॉलरला. २०२१ अखेरीस इंटेलने मोठे आणि छोटे कोअर एकत्र करून आल्डर लेक आणला, तेव्हा एएमडीच्या किमती खाली आल्या.

मग एएमडीला कॅश मेमरीची युक्ती सापडली. रॅम ही कोठीच्या खोलीसारखी. प्रत्येक चिमटीसाठी तिथे जायचं तर फोडणी करपते, म्हणून मिसळणाचा डबा ओट्यावर असतो. प्रोसेसरमधली कॅश म्हणजे हा डबा. एप्रिल २०२२ च्या ५८००एक्स३डीमध्ये सिलिकॉनवर सिलिकॉन चढवून ती ९६ मेगाबाइटची केली आणि खेळ एकदम वेगवान झाले. २०२४ चा ९८००एक्स३डी त्याच घराण्यातला. खेळांसाठी आज त्याच्या तोडीचा प्रोसेसर इंटेलकडे नाही.

२०२४ हे वर्ष इंटेलला फार जड गेलं. तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने कायमचे खराब होऊ लागले. कंपनीने सुधारणा पाठवल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ऑक्टोबरमध्ये आलेल्या अ‍ॅरो लेकमध्ये विजेची बचत होती, पण खेळांत तो स्वतःच्याच आधीच्या पिढीच्या मागे पडला. त्याचा मुख्य तुकडाही टीएसएमसीने बनवलेला. डिसेंबर उजाडताना इंटेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट गेल्सिंगर पायउतार झाले. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जागी लिप-बू टॅन आले. ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला.

आता डोळे लागलेत ते इंटेलच्या नोव्हा लेककडे आणि एएमडीच्या झेन ६ कडे. नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस येईल, असं इंटेलने सांगितलं आहे. त्यात ५२ कोअर असतील, एएमडीसारखी मोठी कॅश असेल, ही अजून चर्चाच आहे. झेन ६ मध्ये एकेका तुकड्यात आठऐवजी बारा कोअर असतील, हीसुद्धा. प्रोसेसर मदरबोर्डवर ज्यात बसतो, त्या सॉकेटची बाजू जास्त भरवशाची आहे. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचं जाहीर केलं आहे, म्हणजे आज घेतलेल्या मदरबोर्डवर पुढे नवा प्रोसेसर बसण्याची आशा धरता येते. नोव्हा लेकसाठी मात्र सॉकेटच बदलणार, असं बोललं जातंय.

आता हा प्रश्न चिपच्या शौकिनांपुरता नाही. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० ही मालिका लागते. चार कोअरच्या दशकातला शेवटचा मोहरा, तो ७७००के, या यादीत नाही. पहिला रायझनही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जो संगणक असेंबल करायला जाईल, त्याने काम अडलं असेल तर थांबू नये. एएम५ चा साधा सहा कोअरचा प्रोसेसर घ्यावा, पैसे मदरबोर्ड आणि रॅमवर घालावेत. ज्याचं काम चालू आहे आणि ज्याला कोअर खरोखर लागतात, त्याने या नव्या चिप येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

मी स्वतः नोव्हा लेक यशस्वी व्हावा, या मताचा आहे, आणि एएमडीच्या चाहत्यांनीही तीच इच्छा धरावी. तो बाजारात येईल त्या आठवड्यात ५२ कोअरच्या बातम्या मी नंतर वाचेन. आधी बघेन, ४७९ डॉलरला आलेल्या ९८००एक्स३डीची किंमत एएमडी किती खाली आणते ते.