जुन्या गाडीला दुसरे इंजिन : एका खर्चाचा हिशेब

आपल्यापैकी बऱ्याच घरांत एखादी जुनी, मोठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे. प्राडो, सर्फ, पजेरो, टेरानो, नाहीतर सफारी. नवीन देशात आलो, पहिले दोन पगार हातात पडले आणि कोणीतरी सांगितले की ही गाडी मरत नाही, घे. मीही अशीच एक १९९७ची लँडक्रूझर प्राडो २०१२ साली घेतली. तीन लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, ज्याला जाणकार वन-केझेड म्हणतात. अकरा वर्षे तिने तक्रार केली नाही. २०२३च्या फेब्रुवारीत एका रविवारी मात्र टौरंग्याहून हॅमिल्टनला जाताना कायमाईच्या चढावर तिने मान टाकली.

दोष गाडीचा नव्हता, माझा होता, हे आधीच सांगतो. रेडिएटरचा खालचा होज पाइप तीन महिने थोडाथोडा झिरपत होता. दर रविवारी मी बाटलीभर पाणी ओतायचो आणि पुढच्या पगाराला पाइप बदलू म्हणायचो. पाइपाची किंमत साठ डॉलरसुद्धा नव्हती.

चढावर तापमानाचा काटा वर सरकला. मी वेग कमी केला. दोन मिनिटांनी काटा आपोआप खाली आला, म्हणून मी निश्चिंत झालो आणि तशीच गाडी रेटली. इथेच खरी चूक झाली. काट्याला माहिती देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तेव्हाच खरे बोलतो. पाणी संपले की त्याच्याभोवती नुसती वाफ आणि हवा उरते, आणि काटा खाली येतो. म्हणजे मला वाटले इंजिन थंड झाले, आणि प्रत्यक्षात ते कोरडे पडून भाजत होते. चढत्या काट्यापेक्षा असा अचानक उतरलेला काटा जास्त वाईट. हे मला पन्नाशीत कळले. वाचकांना तरी आधी कळावे.

गाडी बाजूला घेतल्यावर मी रेडिएटरचे झाकण उघडायला निघालो होतो, ते सौ.ने हात धरून थांबवले. ती इस्पितळात काम करते आणि अशा भाजलेल्या चेहऱ्यांविषयी तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, आणि सांडलेले हिरवे-लाल कूलंट मुले किंवा कुत्री यांच्या हाती लागू देऊ नये. ते चवीला गोड आणि पोटात विषारी असते. आरोग्याच्या पानावर एवढे तरी लिहायलाच हवे.

आमचे गॅरेजवाले साठीतले किवी गृहस्थ आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी हेड उतरवले आणि मला फोन करून बोलावून घेतले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते, हेड वाकते आणि दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद पट्टीला तडा जातो. तेवढेच असते तर नवीन हेडवर भागले असते. पण कोरडे चालल्यामुळे तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडले होते. पिस्टनही गेला होता.

रात्री कोल्हापूरला दादाला फोन केला. उद्यमनगरात ज्याने उमेद घालवली तो माणूस इंजिन बदलायचे म्हटल्यावर खवळलाच. "इंजिन टाकून देतोयस व्हय? बोअर मार, पिस्टन-रिंगा घाल आणि लाव की!" त्याच्या जागी तो बरोबर होता. तिथे क्रँक घासणारा, बोअर मारणारा, लायनर बसवणारा एकाच गल्लीत सापडतो आणि मजुरी परवडते. इथे उलटे आहे. सुटा भाग एक वेळ स्वस्त मिळेल, पण माणसाचा तास महाग. म्हणून इथे इंजिन दुरुस्त करण्याऐवजी अख्खे बदलण्याची पद्धत पडली. दादाला हे पटायला तीन फोन लागले.

मग कागद घेऊन बसलो. बंद पडलेली गाडी आहे तशी विकली तर २,५०० डॉलर मिळत होते. चालू स्थितीत तीच गाडी दहा हजारांच्या आसपास जाते, पण त्या पैशांत बाजारातून घेतलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीच्या पोटात काय आहे हे आपल्याला माहीत नसते. संपूर्ण नव्याने बांधलेले, म्हणजे रिकंडिशन्ड इंजिन बसवून साडेअकरा हजारांचा अंदाज मिळाला. म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त. वापरलेले चांगले इंजिन मिळाले तर सगळे मिळून आठ हजारांत बसत होते. आमच्याकडे होते नऊ हजार. ते डिसेंबरात आईच्या पंचाहत्तरीला चौघांनी भारतात जाण्यासाठी साठवलेले होते.

सौ. म्हणाली, "विकून टाका आणि एखादी छोटी पेट्रोल गाडी घ्या." डिझेल गाडीला रोड युजर चार्जेस भरावे लागतात (२०२४ साली हजार किलोमीटरला ७६ डॉलर होते), तेही तिने मोजून दाखवले. तिचे म्हणणे चूक नव्हते. पण तेपुकेच्या बाजूला मी ज्या कामाला जातो तिथे ट्रेलर ओढावा लागतो, छोट्या गाडीला ते जमले नसते. शिवाय या गाडीचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सस्पेन्शन सगळे मी स्वतः सांभाळलेले होते, आणि खाली गंज नव्हता. समुद्रकिनारी बोट उतरवणाऱ्याची गाडी असती तर मी हा विचारच केला नसता. चॅसिस गंजलेल्या गाडीत इंजिन घालणे म्हणजे पडक्या वाड्याला संगमरवरी फरशी.

आता इंजिन शोधायचे. या गाड्या इथे इतक्या का आहेत, हे समजले की शोध सोपा जातो. १९८०च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडने जपानमधील जुन्या गाड्यांच्या आयातीवरची बंधने सैल केली, १९९८ साली गाड्यांवरचे आयात शुल्कच काढून टाकले आणि त्याच वर्षी इथले गाड्या जोडण्याचे कारखाने बंद झाले. तिकडे जपानने २००१ साली धुराचा कायदा कडक केला आणि टोकिओ, ओसाका, नागोया या पट्ट्यांत जुन्या डिझेल गाड्या ठेवणे अवघड झाले. तिथे नकोशा झालेल्या गाड्या इथे आल्या. पण तो झरा आता आटला आहे. जपानमध्येही हे इंजिन मोडीत निघायचे ते निघून गेले. त्यामुळे "जपानहून नुकतेच आलेले, फक्त ९० हजार किलोमीटर चाललेले" असे कोणी म्हणाले की आधी विचारावे, कोणत्या गाडीतून काढले? सुट्या इंजिनाला मीटर नसतो. ९० हजार हा आकडा विकणाऱ्याच्या तोंडातून येतो, इंजिनातून नाही.

मी हे विचारले नाही आणि फसलो. ट्रेड मीवर एका माणसाची जाहिरात होती, परगावची. ३,६०० डॉलर, चंदेरी रंग मारलेले, लाकडी पॅलेटवर बांधलेले देखणे इंजिन. घरच्या गॅरेजमधले आहे, असे म्हणाला. ट्रकने इथवर आणायला ३८० डॉलर मोजले. आमच्या गॅरेजवाल्यांनी ते बसवण्याआधी तळाचे संप उघडायचा आग्रह धरला. मी म्हणालो, उगीच दोन तासांची मजुरी कशाला? त्यांनी ऐकले नाही, हे माझे नशीब. संपमध्ये तेलाच्या गाळात बेअरिंगचे चकाकते कण होते. बाहेरचा रंग ताजा, आतले बेअरिंग संपलेले. हे इंजिन गाडीत चढले असते तर मजुरीचे २,३०० डॉलर पाण्यात गेले असते आणि पुन्हा उतरवायचे वेगळे.

विकणारा म्हणाला, खाजगी विक्री आहे, बघून घ्यायचे होते. तेव्हा सौ.ने डोके चालवले. त्याच माणसाच्या नावावरच्या जुन्या जाहिराती तिने मोजल्या. वर्षभरात डझनावारी इंजिने आणि गिअरबॉक्स. हा खाजगी माणूस कसला, हा तर धंदा. आणि धंदा करणाऱ्याला १९९३चा कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट लागू होतो, वापरलेल्या मालालासुद्धा. २०१४च्या जूनपासून लिलावाने केलेली विक्रीही त्यात आली, आणि आपण व्यापारी आहोत हे ऑनलाइन जाहिरातीत सांगणे फेअर ट्रेडिंग ॲक्टखाली बंधनकारक झाले. मी एक शांत पत्र लिहिले. संपमधल्या कणांचे फोटो, गॅरेजचा लेखी अभिप्राय, जाहिरातींची यादी, आणि दहा दिवसांत पैसे परत न आल्यास डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे अर्ज करीन हे वाक्य. शिवी नाही, धमकी नाही. तीन आठवड्यांनी ३,६०० डॉलर परत आले. वाहतुकीचे ३८० मी सोडून दिले. खरे तर तेही मागता आले असते, पण तोपर्यंत मी बसने कामावर जाऊन थकलो होतो.

विकणारा खरोखर खाजगी असेल तर हा कायदा लागू होत नाही. त्याने खोटे सांगितले हे सिद्ध करता आले तरच काही हाती लागते. म्हणून शंभर-दोनशे डॉलर जास्त गेले तरी पावती देणाऱ्या रेकरकडून, म्हणजे गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्याकडून, घेणे मला शहाणपणाचे वाटते. धंद्यासाठी म्हणून, कंपनीच्या नावावर घेतलेल्या मालाला मात्र हे संरक्षण लेखी कराराने काढून घेता येते, तेव्हा बिल कोणाच्या नावावर करता ते पाहा.

दुसरे इंजिन वायकाटोमधल्या एका रेकरकडे मिळाले. माझ्यासारखीच प्राडो, मागून ठोकर बसून मोडीत निघालेली. इंजिन अजून गाडीतच होते, आणि हीच मोठी गोष्ट. गाडीची नंबर प्लेट मिळाली की तिचा इतिहास काढता येतो, कारण इथे प्रत्येक वॉरंट ऑफ फिटनेसच्या वेळी मीटरचा आकडा नोंदला जातो. वर्षानुवर्षे आकडा सरळ चढत गेलेला दिसला. एकूण २,१२,००० किलोमीटर. आधीच्या ९० हजारांपेक्षा हा आकडा मला कितीतरी बरा वाटला. निदान तो खरा होता.

मी सकाळी लवकर गेलो आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असे बजावून ठेवले होते. गरम इंजिन सगळेच चालू होते, परीक्षा थंड्याची. पहिल्या झटक्यात लागले. तेलाचे झाकण काढून पाहिले, आतून पांढरी मलई नव्हती. चालू असताना त्या तोंडातून धुराचे भपकारे येत नव्हते. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. रेकरने चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन माझ्यासमोर मोजले. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती हे मी पाहत होतो. शेवटी पाण्यात ज्वलनाचा वायू मिसळतो का हे दाखवणारी रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी केली, रंग तसाच राहिला. ४,२०० डॉलर मोजले.

हेच इंजिन सर्फ, ग्रँव्हिया अशा इतर गाड्यांतही येते आणि "सगळे एकच" असे सांगून विकले जाते. मूळ इंजिन एक असले तरी संप, मॅनिफोल्ड, वायरिंग सारखे असेलच असे नाही. शक्यतो त्याच मॉडेलच्या, जवळच्या वर्षाच्या गाडीतले घ्यावे.

तीन महिन्यांची वॉरंटी मिळाली, पण तिची अक्षरे वाचा. वॉरंटी बहुधा इंजिनाची असते, बसवण्याच्या मजुरीची नसते. बसवताना नवा टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप घातल्याचे आणि रेडिएटर तपासल्याचे बिल दाखवावे लागते. हेडवर एक छोटी धातूची टिकली चिकटवलेली होती. इंजिन मर्यादेबाहेर तापले की तिचा मधला भाग वितळतो आणि वॉरंटी संपते. कुंकवाच्या टिकलीइतकी लहान, पण तिच्यावर सगळा संसार!

हे सुटे भाग आणि नवा रेडिएटर मिळून १,४५० डॉलर झाले. मजुरी २,३००. एकूण ७,९५०, अधिक ते बुडालेले ३८०. त्याच जातीचे इंजिन असल्यामुळे वेगळे लो व्हॉल्यूम सर्टिफिकेट लागले नाही. वेगळ्या जातीचे किंवा जास्त ताकदीचे घालणाऱ्यांनी ते आधी विचारून घ्यावे. गाडीच्या नोंदीतला इंजिन क्रमांक बदलून घेतला आणि विमा कंपनीला लेखी कळवले. पुढे दावा करायची वेळ आली तर त्यांना बोट ठेवायला जागा नको.

नऊ हजारांतले ६७० डॉलर उरले. काही ओव्हरटाइम केला, आणि डिसेंबरात आईच्या पंचाहत्तरीला मी एकटाच गेलो. मुले व्हिडिओवर होती. आईने विचारले, "बाकीची का नाही आली?" साठ डॉलरच्या पाइपाची गोष्ट तिला सांगायचे धाडस झाले नाही. दादाला माहीत होती, तो गप्प राहिला.

गाडी त्यानंतर ३१ हजार किलोमीटर चालली आहे. कूलंटची पातळी खाली गेली की डॅशबोर्डवर ओरडणारा एक अलार्म बसवून घेतला आहे, तो मूळ काट्यासारखा पाण्याच्या भरवशावर राहत नाही. कोणाच्या गाडीचे काम निघाले असेल तर रेकरला विचारायच्या प्रश्नांचा कागद आणि त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे, गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला येताना घेऊन येईन.